दगडावरचे चंद्रसूर्य

आमच्या गावात भैरोबाच्या देवळामागे चिंचेखाली एक वीरगळ उभा आहे. काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच. शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा दरवर्षी सातवीची मुलं घेऊन मी तिथं जायचो. मुलं लगेच तलवारवाला माणूस काढायला बसायची. मी म्हणायचो, अरे, आधी शेंड्याकडं बघा.

वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावची गुरं सोडवताना पडलेल्या माणसाची आठवण. कानडीत दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, त्यातूनच हा ‘गळ’ आला. हे चित्र खालून वर वाचायचं. आमच्या दगडावर तळाशी वीर आडवा पडलाय. त्याच्यावर लढाई, लढाईच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि त्यांच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. अगदी शेंड्याला कलश आणि कलशाच्या दोन बाजूंना चंद्र नि सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. वाईजवळच्या किकलीत तर भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची दाटीच आहे. गावोगावचे असे दगड बघत मी बरीच वर्षं हिंडलो. लढाया वेगवेगळ्या, पण चंद्रसूर्य बहुतेक ठिकाणी भेटतात. सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात असतो, त्याच्याही वर हेच दोघं.

ते तिथं का आले, याचं उत्तर राजांच्या दानपत्रांत सापडतं. जमीन दान दिली की ताम्रपटात ‘आचंद्रार्क’ असा शब्द घालत, म्हणजे चंद्र आणि सूर्य आहेत तोवर हे दान चालावं. कोकणात शिलाहार राजांच्या काळापासून गधेगळ, म्हणजे दानाचे दगड, उभे राहू लागले. त्यांच्यावर वर चंद्रसूर्य, मधे लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी, चित्रासकट. परळला सापडलेल्या अपरादित्य राजाच्या शके 1108 च्या लेखात तर ती शिवी चक्क मराठीत आहे. लेख वाचणारे त्या काळी गावात किती असणार? पण वर बघितलं की कुणालाही कळायचं, हे कायमचं आहे. पंडितानं लिहिलेला शब्द पाथरवटानं असा चित्रात आणला आणि तेच चित्र साध्या शिपाईगड्याच्या दगडावरही दिलं. राजाच्या दानाला जी मुदत, तीच या माणसाच्या नावाला. मला यात फार मोठं औदार्य दिसतं.

आता त्या शेंड्याजवळ जरा डोळे नेऊन बघा. आमच्या दगडावरचा सूर्य जुन्या रुपयापेक्षा थोडाच मोठा, साधी उठावाची चकती. आपला बेसाल्ट कठीण, त्यातून कुठं कुठं जाळीदार. टाकी चुकली की टवका उडतो. एवढ्याशा जागेत किरण कोरायला गेलं तर कडा ढासळायच्या, म्हणून चकती. दोन चकत्या शेजारी आल्या तर चंद्र कुठला नि सूर्य कुठला हे कळणार नाही, म्हणून चंद्राची कोर. मी पाहिलेल्या दगडांवर चांदण्या नाहीत. त्यांची गरजही नव्हती. साक्षीला दोघं पुरेसे होते.

ही कोर उताणी असते, दोन्ही टोकं वर, पाणी ठेवलं तर सांडणार नाही अशी. शंकराच्या जटेतला चंद्र असाच काढतात, ती परंपरा पाथरवटाच्या हातात होतीच. पण त्यानं आकाशाकडंही पाहिलं असणार, असं मी मानतो. आपल्याकडं गुढीपाडव्याच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी कोवळी कोर जवळजवळ अशीच उताणी असते, आणि आश्विनात तीच कोर चांगली कललेली दिसते. मुलांना मी दोन्ही वेळा गच्चीवर नेऊन वहीत काढायला लावायचो. पाडव्यानंतरचं चित्र दगडाशेजारी धरलं की मुलं गप्प व्हायची.

एका गावात देवळाच्या दुरुस्तीत वीरगळ ओट्यात बसवले आणि शेंडे सिमेंटखाली गेले. तळाची लढाई दिसते, वरचं आकाश बुजलं. दुसऱ्या एका ठिकाणी ऑइलपेंटचे थर इतके चढले होते की कोरीचा लाडू झाला होता. ते पाहून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, रंग लावू नका. साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस.

आमच्या वीरगळाच्या शेंड्यावर पातळ कागद धरून मी एकदा मेणखडू घासला. सूर्याभोवती टाकीचे बारीक ठिपके गोल फिरत गेलेले उमटले. चंद्राच्या उजव्या टोकाचा टवका उडालेला दिसला. मग डावं टोक मोजलं. तेही तेवढंच आखूड होतं, पण तिथं दगड फुटलेला नव्हता, टाकीनं हळूहळू उतरवत आणलेला होता.