पहिला वर्ग आणि बैलांचा रथ

विमानांतील पहिल्या वर्गाची गोष्ट निघाली, म्हणजे आम्हां खानदेशकरांस १९३६ चें फैजपूर आठवतें. खेड्यांत भरलेल्या त्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. लगेच पुढच्या निवडणूक-दौऱ्यांत ते विमानानेंही हिंडले. परंतु नंदलाल बोस यांनीं सजविलेल्या फैजपूरच्या टिळकनगराकडे त्यांची मिरवणूक निघाली, ती बैलांच्या रथांतून. शेतकऱ्याच्या घरचा पहिला वर्ग तो हाच! २०१७ सालीं उडान योजनेखालीं जळगांव-मुंबई विमान सुरू झालें, तेव्हां त्या १८ आसनांच्या विमानांत पहिला वर्ग नव्हताच. आम्हांस त्याची खंत नाहीं. ज्यांच्या बैलांनीं तो मान वाहिला, त्यांच्या नातवंडांस जातां-येतांचें भाडें परवडलें, तरच फैजपूरचा धडा आम्हीं घेतला असें म्हणतां येईल.