कंबोडियातील शांतिसेना आणि कामाबाहेरचे वर्तन

परदेशी शांतिरक्षणासाठी गेलेल्या सैन्याचा इतिहास बहुधा युद्धविराम, निवडणुका आणि सैन्यमाघार यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. हे सैनिक कामावर नसताना यजमान देशात कसे वागले, हा प्रश्न किरकोळ शिस्तीचा म्हणून बाजूस सारण्यात येतो. तो किरकोळ नव्हे, हे कंबोडियातील १९९२-९३ च्या अनुभवावरून ध्यानात येते.

ऑक्टोबर १९९१ मधील पॅरिस करारांनी कंबोडियातील दीर्घ यादवीस विराम देण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या अंमलबजावणीसाठी सुरक्षा समितीने फेब्रुवारी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे संक्रमणकालीन प्रशासन स्थापिले. यासुशी आकाशी हे त्याचे प्रमुख होते. सैनिक, पोलीस आणि मुलकी कर्मचारी मिळून सुमारे २२,००० माणसे या कामी आली.

युद्धाने आणि ख्मेर रूजच्या राजवटीने समाजाचा कणाच मोडला होता. अशा निर्धन देशात परकीय चलन बाळगणारा हा एवढा मोठा समुदाय अकस्मात येऊन पडला. परदेशी मुलकी कर्मचाऱ्यांचा एका दिवसाचा भत्ता मिळविण्यास सामान्य कंबोडियन माणसाला कित्येक महिने राबावे लागले असते. राजधानी नॉम पेन्हमध्ये मद्यगृहे आणि कुंटणखाने झपाट्याने वाढले. वेश्याव्यवसाय पूर्वीही होता. परंतु या मागणीने त्याला नवे परिमाण दिले आणि त्यात अल्पवयीन मुलीही ओढल्या गेल्या. मद्यपान, बेदरकारपणे वाहने हाकणे आणि बाजारांत व उपाहारगृहांत स्त्रियांची छेड काढणे यांविषयी तक्रारी होऊ लागल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये दीडशेहून अधिक कंबोडियन व परदेशी रहिवाशांनी आकाशींना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले.

या तक्रारींवर, तरुण सैनिक असे वागावयाचेच, अशा आशयाचे उत्तर आकाशींनी दिले व त्यावर मोठी टीका झाली. संघटनेची पांढरी वाहने कुंटणखान्यांसमोर उभी करू नयेत, अशी सूचनाही कर्मचाऱ्यांना मिळाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. या सूचनेतून प्रशासनाची दृष्टी प्रकट होते. तिच्यात निषेध कृत्याचा नव्हता, ते दिसण्याचा होता. कामाची वेळ संपली म्हणजे माणूस खासगी होतो, असे येथे गृहीत धरले होते. परंतु ज्या स्त्रीची छेड काढली गेली, तिच्या दृष्टीने गणवेश उतरविलेला सैनिकही त्याच सत्तेचा प्रतिनिधी होता.

कायद्याच्या रचनेनेही या प्रवृत्तीस आधार दिला. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तयार केलेल्या नमुना करारानुसार सैनिकांच्या गुन्ह्यांचा फौजदारी अधिकार केवळ सैन्य पाठविणाऱ्या राष्ट्राकडे राहतो. यजमान देशाचे न्यायालय त्यांना हात लावू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांना फार तर त्यांस परत पाठविता येते. अपराधी स्वदेशी गेला की साक्षीदार, पुरावा व पीडित व्यक्ती सागरापलीकडे राहतात.

पुढे हे चित्र काहीसे पालटले. १९९६ मध्ये ग्रासा माशेल यांच्या अहवालाने शांतिसेनेचे आगमन आणि बालवेश्याव्यवसायातील वाढ यांचा संबंध अनेक देशांत दाखविला. २००३ मध्ये सरचिटणीसांच्या परिपत्रकाने पैसे देऊन शरीरसंबंध ठेवण्यास बंदी केली. काँगोतील प्रकरणांनंतर २००५ मध्ये जॉर्डनचे राजपुत्र झैद यांचा अहवाल आला. २००७ मध्ये सैन्य पुरविणाऱ्या राष्ट्रांशी करावयाच्या नमुना करारात वर्तनाचे नियम घालण्यात आले. फौजदारी अधिकार मात्र मूळ राष्ट्राकडेच राहिला.

मे १९९३ मधील निवडणुकांत नोंदविलेल्या मतदारांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी मतदान केले, हे त्या प्रशासनाचे यश निर्विवाद आहे. तथापि, ज्यांच्या रक्षणार्थ सैन्य आले, त्यांनाच त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा नव्हती, हेही त्याच इतिहासाचे अंग आहे. शांतिरक्षणाचे मूल्यमापन करताना सैनिकाच्या सुटीच्या वेळेचाही हिशेब मांडला पाहिजे. कारण यजमान समाजाला त्या वेळेतही सुटी नसते.