फटफटीवरचा कर्णा

माणसाच्या आवाजाला मर्यादा आहे आणि ती ओलांडण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. बेळगाव-निपाणीच्या टापूत ही हौस पूर्वी दवंडीच्या रूपाने नांदत होती. दवंडीवाला चौकात उभा राही, वाद्यावर थाप टाकी, चार वाक्ये खड्या आवाजात सांगे आणि पुढच्या चौकाकडे वळे. आवाज मोठा करण्याची सोय नव्हती, म्हणून आवाजालाच पायपीट करावी लागे. आज पुणे-बंगळूर रस्त्यावर फटफटीला ध्वनिवर्धक आणि दोन-चार स्पीकर जोडून दूरच्या प्रवासाला निघणारा तरुण हा त्या दवंडीवाल्याचाच दूरचा वंशज होय. ह्या दोघांमध्ये जो शंभर वर्षांचा इतिहास पडलेला आहे, तो एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो: आवाज मोठा होणे निराळे आणि शब्द ऐकू येणे निराळे.

1 मे 1916 रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर व्याख्यान दिले. होमरूल लीगची स्थापनाही त्याच सुमारास त्याच गावी झाली. त्या काळी मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचविण्याचा सारा भार वक्त्याच्या घशावरच असे. तिकडे अमेरिकेत मात्र जेन्सन आणि प्रिडहॅम ह्या दोघा यंत्रज्ञांनी 1915 मध्येच विजेवर चालणारा मोठा कर्णा लोकांपुढे आणला होता. 1919 साली अध्यक्ष विल्सन ह्यांनी सॅन दिएगो येथे ह्याच जातीच्या यंत्रातून सुमारे 50,000 लोकांसमोर भाषण केले. विल्सन ह्यांची प्रकृती त्या वेळी खालावलेली होती. क्षीण कंठालाही अफाट समुदायापर्यंत पोचता येते, हा त्या दिवसाचा खरा धडा. आपल्याकडे पुढच्या काळात काँग्रेसच्या सभांतून मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ ह्या पेढीचे कर्णे दिसू लागले आणि सभेची मागची रांग वक्त्याच्या जवळ आली.

पण हा आवाज चाकावर चढविणे सोपे नव्हते. 1930 साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला व त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. त्या वेळची काचेची व्हॉल्व्ह शे-दोनशे व्होल्टचा दाब मागत आणि गाडीची बॅटरी देई सहा व्होल्ट. म्हणून दाब चढविणारे, सतत गुणगुणणारे एक निराळे यंत्र सोबत बाळगावे लागे. हा सारा बोजा मोटारीला किंवा जीपला पेले, फटफटीला पेलणारा नव्हता. 1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि हा बोजा उतरला. आपल्या टापूत त्याचा प्रत्यय आला तो खांद्याला अडकवायच्या चामडी वेष्टनातल्या रेडिओने. 1950 पासून धारवाडचे आणि 1963 पासून सांगलीचे केंद्र सुरू झाले होते, आणि कानडी व मराठी अशा दोन्ही भाषा एकाच पेटीतून शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागल्या.

ह्याच सुमारास, 1961 साली, म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. त्यांची वीज सहा व्होल्टची होती. चार ओहमचा स्पीकर आणि साध्या बांधणीचा ध्वनिवर्धक घेतला, तर सहा व्होल्टवर जेमतेम 1 वॅट शक्ती मिळते. तीच जोडणी बारा व्होल्टवर साडेचार वॅट देते, कारण दाब दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. दोन ध्वनिवर्धक परस्परविरुद्ध जोडले, तर हाच आकडा 18 पर्यंत जातो. फटफटीवरील संगीताचा इतिहास पुष्कळ अंशी ह्या गणितातच सामावलेला आहे. होंडा कंपनीची ‘गोल्ड विंग’ 1975 साली आली. तिच्या ‘इंटरस्टेट’ ह्या 1980 च्या आवृत्तीपासून संगीताची सोय कारखान्यातूनच मिळू लागली. त्यामागे प्रशस्त वातरोधक आवरण आणि भक्कम जनित्र ह्यांचा आधार होता.

म्हणून जुने साहित्य बदलून नवे बसवू पाहणाऱ्याने आधी मोठा ध्वनिवर्धक शोधू नये. गाडीचे जनित्र किती वीज देते आणि तिच्यातली दिव्यांना किती लागते, हे प्रथम पाहावे. त्यानंतर पाळी स्पीकरची. ध्वनिवर्धकाची शक्ती दुप्पट केली, तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट करावी लागते. त्यापेक्षा तेवढीच वीज घेऊन 3 डेसिबल अधिक बोलणारा स्पीकर निवडणे शहाणपणाचे. तो बंद पेटीत बसवावा. उघडा ठेवला, तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. अलीकडचे ‘डी’ वर्गाचे ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकी फार थोडी उष्णतेत दवडतात, म्हणून बॅटरीवर त्यांचा ताण कमी पडतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेला मात्र फ्यूज हवाच.

इतके करूनही वाऱ्याशी सामना उरतोच. ताशी 100 किलोमीटर वेगाला शिरस्त्राणाच्या आतही वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो, आणि 85 डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक राहणे कानाला अपायकारक मानले जाते. वाऱ्यावर मात करण्यासाठी स्पीकर चढवीत गेले, तर कानावर दोन शत्रू एकदम चालून येतात. निपाणीच्या दक्षिणेस स्तवनिधीचा घाट उतरताना मागून येणाऱ्या मालमोटारीचा इशारा ऐकू आला नाही, तर त्या संगीताची किंमत फार जबर द्यावी लागेल.

दुसरी बाजू रस्त्याकाठी राहणाऱ्यांची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये ह्यांच्या भोवतालचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांततेचा मानला आहे. ज्या भूमीत एकाच चौकात दोन भाषा शेजारी नांदतात, तिथे कोणाचा आवाज मोठा हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. शेजाऱ्याचा शब्द आपल्याला ऐकू येतो की नाही, ही त्याची खरी कसोटी. ध्वनिक्षेपक जन्माला आला तो क्षीण आवाजाला बळ देण्यासाठी. दुसऱ्याचा आवाज दडपण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला, तर त्याचे जन्मकारणच संपले असे म्हणावे लागेल.