ग्रामसभेचें पाणी व ग्रामसभेचा प्रकाश

बीड जिल्ह्यांतील नारायणगडाला भाविक लोक धाकटी पंढरी म्हणतात. बालाघाटाच्या डोंगराळ मुलुखांतील ह्या गडाच्या आसमंतांतील भूमि पर्जन्यच्छायेची आहे. सह्याद्रीनें आपला वांटा घेतल्यावर जो पाऊस उरेल, तो तिचा. जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें दिवाळीच्या सुमारास संसार गाडींत घालून ऊसतोडीस जातात, व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. जुबिलीच्या ह्या शुभप्रसंगीं आपण मागें वळून पाहत असतां, अशा भूमीवर हवापाण्याच्या संकटाशीं झगडण्यांत रहिवाशांनीं स्वतः कोणता भाग घेतला, हेंहि थोडक्यांत पाहावें, असें आम्हांस वाटतें.

१९७२ सालचा दुष्काळ अद्याप वृद्धांच्या स्मरणांत आहे. त्या वेळीं सरकारनें खडीचीं, रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढून लाखों लोकांस जगविलें. त्या अनुभवांतूनच पुढें रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. हा उपकार लहान नव्हे. परंतु बांध कोठें घालावा व सांचलेलें पाणी कोणीं वापरावें, हें ठरविण्यांत गांवकऱ्यांस फारसा आवाज नव्हता. मजुरी मिळाली, अधिकार मिळाला नाहीं.

निराळी वाट शेजारच्या अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत दिसूं लागली. येशूसंघाचे स्विस धर्मगुरु फादर हर्मन बाखर हे १९४८ सालीं भारतांत आले, व त्यांनीं आपलें आयुष्य येथील कोरडवाहू शेतकऱ्यांस वाहिलें. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे ते जनक होत. १९९३ सालीं क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह त्यांनीं ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली. ह्या कार्यक्रमाचा नियम असा कीं, गांवानें सभा भरवून आपली पाणलोट समिति निवडावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, आणि श्रमदानाचा वांटा उचलावा. काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचें. आणि कोणत्या शेतांत काय करावें, हें त्या शेताच्या धन्यास व धनिणीस बांधावर नेऊन ठरवावयाचें. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीचे उघडे डोंगर ह्याच मार्गानें पुन्हां हिरवे झाले.

त्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें आणखी एक पाऊल टाकिलें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले; १९९४ सालीं गांव आदर्श गांव योजनेंत आलें. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, असें गांवानें ठरविलें. पाऊस मोजून दरवर्षीं पाण्याचा जमाखर्च मांडतात; माणसें व जनावरें ह्यांचा वांटा आधीं काढून उरलेल्यावर पिकें ठरवितात. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बांध पाणी अडवितो, पण वांटून देत नाहीं. तें काम सभेचें आहे.

पुढें १९९३ सालीं ७३ वी घटनादुरुस्ती अंमलांत येऊन ग्रामसभेस घटनेचें पाठबळ मिळालें. २०१६ सालीं पानी फाउंडेशनची पहिली जलस्पर्धा तीन तालुक्यांत झाली. त्यांत बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई होता. ऐन उन्हाळ्यांत, स्त्रीपुरुषांनीं मिळून आपल्याच शिवारांत चर खणिले.

आतां पाण्यासमवेत ऊर्जेचाहि प्रश्न गांवाच्या दारीं आला आहे. तो मुळांत वेगळा नव्हे. कारण पाणी जितकें खोल जातें, तितकी तें उपसण्यास वीज अधिक लागते. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यांत सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानांत भूमि, जल, वायु, अग्नि व आकाश ह्या पंचतत्त्वांनुसार ग्रामपंचायतींचें व नगरपालिकांचें काम तपासलें जातें. ‘अग्नि’ म्हणजे ऊर्जेची बचत व सूर्यशक्तीचा उपयोग. २०२४ सालीं पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरली. शेतीपंपांस दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं सुरू झालेल्या सौर कृषि वाहिनी योजनेंत गायरानावरहि सौरपट्ट्या बसतात. हें हिताचेंच आहे. परंतु त्याच गायरानावर भूमिहीनाची शेळी चरते. तिचें काय, हा प्रश्न सभेंत कोणी तरी विचारावयास हवा.

आणि येथेंच बीडचें खरें दुःख आहे. प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा भरते, तेव्हां ऊसतोड्या परमुलुखीं फडांत असतो. ज्याच्या घरीं पाण्याची ओढ सर्वांत अधिक, त्याचाच हात ठरावास वर होत नाहीं. ग्रामसभेपूर्वीं महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. पण कोयता घेऊन गेलेल्या बाईला त्याचा काय लाभ? म्हणून पाण्याचे व गायरानाचे ठराव मंडळी परतल्यावर, महाराष्ट्रदिनाच्या सभेंत घ्यावे, असें आम्हीं नम्रपणें सुचवितों.

पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत पृथ्वीला आपलें सामायिक घर म्हटलें आहे. ज्या घरांत आपण राहतों, त्याच्या बैठकीस आपण बसलेंच पाहिजे. धर्मग्रामांतील बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या, शेजाऱ्यास बरोबर न्या, आणि पाण्याचा जमाखर्च मांडण्याचा आग्रह धरा. फादर बाखर ह्यांच्या श्रमांचें स्मरण करण्याचा ह्याहून उचित मार्ग आम्हांस सुचत नाहीं.