साथीच्या काळातील सेवक : मुंबईचा प्लेग आणि नंतर

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासपर चार शब्द लिहिण्याची आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा कुलवृत्तान्ताचा नेहमीचा विषय बाजूस ठेवून आम्ही निराळाच विषय निवडला. साथीत रोगी किती दगावले हे इतिहासकार आकड्यांनी सांगतात. परंतु त्या रोग्यांची सेवा करणाऱ्यांच्या मनावर कोणता भार पडला याची नोंद क्वचितच आढळते. मुंबईच्या प्लेगाच्या इतिहासात अशी एक नोंद आहे. ती अवघी अर्ध्या ओळीची आहे, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी हा रोग प्रथम ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी रोग्यांस सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला आणि शहरात भयाचे साम्राज्य पसरले. इस्पितळात माणसास उलटे टांगून त्याची ‘मोमियाई’ काढतात, अशा वावड्या उठल्या. दि. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. या प्रसंगाविषयी लिहिताना लेखणी बहुधा जमावाच्या अज्ञानाकडे अथवा सरकारच्या जुलमाकडे वळते, आणि दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु त्या दिवशी खाटांच्या मधून हिंडणारे सेवक व परिचारिका यांची अवस्था काय झाली असेल? आत रोग आणि बाहेर दगड, अशा कैचीत ती माणसे सापडली होती. लवकरच हुकूम शिथिल करण्यात आला. त्यामागे एक कारण असे होते की, हलालखोर व झाडूवाले भिऊन शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यायोग्य उरणार नाही, ही धास्ती आयुक्त स्नो यांना वाटत होती. ज्यांस एरवी कोणी दारात उभे करीत नसे, त्यांच्यावाचून शहर चालत नाही, हे सरकारास अशा रीतीने उमगले!

आता त्या अर्ध्या ओळीकडे वळू. प्लेगावर लस शोधण्यासाठी वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ त्याच ऑक्टोबरात मुंबईस आले. ओडेसा येथे जन्मलेल्या या ज्यू गृहस्थांस ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, त्यांच्या आधाराने जंतू वाढू द्यावयाचे, आणि पुढे उष्णता देऊन ते मारावयाचे, अशी त्यांची कृती होती. आपल्या स्वयंपाकघरातील तूप या कामी उपयोगी पडावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते. मात्र मारण्यापूर्वी ते जंतू जिवंत असत, आणि ते हाताळणाऱ्यांच्या संरक्षणास लस अद्याप तयार व्हावयाची होती. तीन महिने हे काम अहोरात्र चालले. हाताखालच्या माणसांपैकी एकाच्या मनाचा तोल ढळला आणि दोघे काम सोडून गेले. हीच ती नोंद. दि. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःच्या अंगात लस टोचून घेतली, हे पुष्कळांस ठाऊक असते. सोडून गेलेल्या त्या दोघांस आम्ही तरुणपणी भित्रे म्हटले असते. आज तसे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

हाफकिन यांनाही पुढे ताप भोगावा लागला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला व त्यांस कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः गावी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. ही गोष्ट मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. संस्थेस त्यांचे नाव १९२५ साली मिळाले.

पुण्याकडची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला, त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई फुले यांनी रोगी मुलास पाठीवर घालून तेथे आणले, आणि दि. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतःच प्लेगास बळी पडल्या. शाळेत हा पाठ आम्ही कित्येकदा शिकविला. मात्र आपल्याच आईस त्या रोगातून वाचवू न शकलेल्या वैद्यपुत्राच्या मनात काय झाले असेल, हा प्रश्न वर्गात विचारावा असे आम्हांस कधी सुचले नाही.

तो सुचला सन २०२० मध्ये. मार्चच्या ९ तारखेस पुण्यात कोरोनाचे पहिले रोगी आढळले आणि २२ तारखेस आपण सर्वांनी थाळ्या वाजविल्या. एका महिन्यातच, सेवकांवर हल्ला करणाऱ्यांस कठोर शिक्षा देणारा वटहुकूम काढावा लागला. १८९७ च्या कायद्यात तशी तरतूद नव्हती. आमच्या ज्ञातीतील एक भगिनी तेव्हा इस्पितळात परिचारिका होत्या. पाळी संपवून घरी येत तेव्हा शेजारी त्यांस उद्वाहन वापरू देत नसत. चार मजले चढून जावे लागे. मुलगा दाराआडूनच बोले. पुढे मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. व्यासपीठावरून उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “गुरुजी, शाल कशाला? रात्री झोप लागेल असं काही असेल तर द्या.” आम्ही हसून वेळ मारून नेली. त्या हसल्या नव्हत्या.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही आता एक वही ठेवली आहे. त्या दोन वर्षांत ज्यांनी इस्पितळात, रुग्णवाहिकेवर, स्मशानात अथवा आशा सेविका म्हणून दारोदार काम केले, त्यांनी आपले नाव व आठवण स्वहस्ते लिहावी, ही विनंती. ज्यांनी मध्येच काम सोडले त्यांनीही लिहावे. कार्यालय दर रविवारी सकाळी उघडे असते. वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.