कॅमेऱ्यातला सेल : एक छोटासा इतिहास

या स्मरणिकेसाठी जुने फोटो जमवण्याचं काम समितीने माझ्याकडे दिलं. फोटोंबरोबर चौघांनी घरचे जुने कॅमेरेही पाठवले, मेळाव्यातल्या प्रदर्शनात मांडायला. चारपैकी तीन बंद निघाले. ते ना पडले होते, ना भिजले होते. आत राहून गेलेल्या सेलनेच त्यांचा जीव घेतला होता. चौथा, सगळ्यात जुना, अजून ठणठणीत आहे. तो आहे ॲग्फा क्लिक थ्री, आणि त्याला सेल लागतच नाही! माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे विषय सोडवेना. म्हणून हा लेख.

आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च आणि तिच्यात घालायचा तो ‘सेल’. इथेही मी तोच शब्द वापरते. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने पहिला विद्युतघट जगापुढे मांडला. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेने जस्त आणि कार्बनचा घट केला, पण तो काचेच्या बरणीतला, ओला. सांडला की संपला. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गास्नरने आतलं द्रव्य लगद्यासारखं घट्ट केलं आणि जस्ताच्याच डबीत भरलं. आपण लहानपणी टॉर्चमध्ये घालायचो तो सेल या घराण्यातला.

गंमत अशी की त्या सेलमध्ये जस्ताची डबी हे भांडंही आहे आणि इंधनही. वीज वापराल तसं जस्त झिजतं. शेवटी डबीला भोकं पडतात आणि आतलं द्रव्य बाहेर येतं. संपत आलेले सेल उन्हात ठेवून किंवा दातांनी दाबून आपण पुन्हा चालवायचो. ते दोन दिवस चालायचेही, पण तेव्हा डबी आधीच विरलेली असायची.

कॅमेऱ्याला बराच काळ सेलची गरज नव्हती. क्लिक थ्रीमध्ये १२० नंबरची फिल्म, बारा फोटो, आणि स्प्रिंगवर चालणारं शटर. उजेड सूर्याचा. सेल शिरला तो मुख्यतः फ्लॅशमुळे. आपण दहावीत होतो तेव्हा, म्हणजे १९९६ मध्ये, घरोघरी फ्लॅश आत बसवलेले छोटे कॅमेरे आले होते. दोन पेन्सिल सेल घातले की लग्नात, बारशात, रात्रीच्या गॅदरिंगमध्ये फोटो निघायचे. कार्यक्रम संपला की कॅमेरा सेलसकट कपाटात. लाडक्या वस्तूला आपण सांभाळून ठेवतो, आणि इथे सांभाळून ठेवणंच तिच्या मुळावर आलं.

पुढे अल्कलाइन सेल आले. १९५० च्या दशकात कॅनडात जन्मलेल्या लुईस अरी यांनी ते व्यवहारात आणले. त्यांचं बाहेरचं कवच पोलादी, त्यामुळे ते गळत नाहीत असा समज झाला. पण पडून राहिलेल्या सेलमध्ये हळूहळू हायड्रोजन वायू साठतो, दाबाने सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पाझरतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरी बुरशीसारखी पूड जमते. आपण म्हणतो ‘ॲसिड सुटलं’, पण हे ॲसिड नव्हे, अल्कली आहे. नववीत लिटमस कागद निळा करणारं तेच. म्हणूनच ते लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतं.

डिजिटल कॅमेऱ्याची तर सुरुवातच सेलवर झाली. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी केलेला पहिला डिजिटल कॅमेरा सुमारे ३.६ किलोचा होता आणि त्यात सोळा निकेल-कॅडमियम सेल होते. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिथियम आला आणि धोक्याची जात बदलली. आता आतल्या सेलइतकाच पिशवीतला सुटा सेल घातक. किल्ली, नाणं किंवा साखळी दोन्ही टोकांना एकदम टेकली की मोठा प्रवाह वाहतो, सेल तापतो, कधी पेटतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला, त्यामुळे तोही तितकाच वात्रट. शिवाय एक साधा अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा. असे चार बॅगेत सुटे लोळले तर लेन्सवर ओरखडे ठरलेलेच. म्हणूनच बिरसीहून जा की नागपूरहून, विमानात जादा लिथियम सेल सामानात टाकू देत नाहीत. ते हातातल्या बॅगेत, टोकं झाकून न्यावे लागतात.

आपल्या जिल्ह्यात सेलवर फार मोठी गोष्ट अवलंबून आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. तिथले वाघ मोजले जातात ते झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपने. हे कॅमेरे बहुधा पेन्सिल सेलवरच चालतात. वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा. एकाचा सेल सैल झाला, गळला, तर त्या रात्रीचा वाघ अर्धाच नोंदला जातो. २०१८ च्या देशभरच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो आले. जंगलात फिरून सेल बदलणारे वनरक्षक आणि वनमजूर या सगळ्या आकड्यांच्या मागे आहेत.

आता आपल्या तीन कॅमेऱ्यांकडे येते. त्यातल्या दोघांत फिल्म होती. पहिला कुणीतरी आधीच एका दुकानात दाखवला होता. तिथे उजेडात त्याची पाठ उघडली गेली आणि त्या फिल्मवर काहीच उरलं नाही. दुसऱ्याच्या सेलच्या कप्प्याचं झाकण क्षारांनी चिकटलं होतं, मोटर फिरत नव्हती. पण कॅमेरा मेला म्हणून फिल्म मरत नाही. पूर्ण अंधाऱ्या खोलीत ती हाताने काढता आली. छत्तीसपैकी अकरा फोटो आले, फिकट, लालसर. आपल्या निरोप समारंभाचे. त्यातल्या एकात गणिताचे सर हसताहेत. सर आता नाहीत, आणि ते हसतानाचा दुसरा फोटो आपल्यापैकी कुणाकडेच निघाला नाही. तो याच अंकात छापला आहे.

म्हणून सर्वांना विनंती. जुना कॅमेरा, फ्लॅशगन, टेपरेकॉर्डर, जे असेल त्यातले सेल आजच काढा. अल्कलाइनची पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब लिंबू घेऊन पुसा, मग स्पिरिटने पुसून वाळवा. वापरलेले सेल चुलीत किंवा शेतात टाकू नका. जादा सेल डबीत, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. आणि कॅमेऱ्यात फिल्म आहे अशी नुसती शंका जरी आली तरी पाठ उघडू नका. तसाच काळ्या कापडात गुंडाळून पुढच्या मेळाव्याला घेऊन या. अंधाऱ्या खोलीची सोय मी करते.