नैराश्यावरची औषधे आणि औषधांमुळे येणारा ताठरपणा : उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?



गावाहून आई-वडील सनदला राहायला येतात तेव्हा बॅगेत औषधांचा डबा असतोच. मग कधी लक्षात येते की बाबांचा हात थरथरतो, पावले घासत पडतात, चेहऱ्यावर हसू उमटत नाही. "वय झालं" म्हणून आपण सोडून देतो. पण काही वेळा कारण त्या डब्यातच असते.

असे का होते?
हालचाली सुरळीत राहण्यासाठी मेंदूत डोपामिन हे रसायन लागते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी मानसिक आजारांवरची औषधे त्याचे काम अडवतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड आणि अपचन-ॲसिडिटीच्या काही गोळ्यांत असलेले लेव्होसल्पिराइडही तेच करते. त्यामुळे पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात.

प्रयोग कसा करतात?
उंदराला हॅलोपेरिडॉल देऊन त्याचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवतात. एरवी उंदीर लगेच पाय खाली घेतो. औषध दिलेला उंदीर मात्र तसाच खिळून राहतो. तो किती वेळ राहिला हे घड्याळ लावून मोजतात. या अवस्थेला कॅटालेप्सी म्हणतात.

सोलापूरचे काम
या विषयावर आपल्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील बलसारा, जाधव आणि चांदोरकर यांचा शोधनिबंध 1979 साली 'सायकोफार्माकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. सिरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर काम करणाऱ्या औषधांनी या कॅटालेप्सीत काय फरक पडतो, हे त्यांनी तपासले. सिरोटोनिन हे डोपामिनच्या पेशींवर ब्रेकसारखे काम करते, असा विचार अशा अभ्यासांमागे आहे.

सगळी औषधे सारखी नाहीत
- फ्लुओक्सेटिनसारखी सिरोटोनिन वाढवणारी औषधे हॅलोपेरिडॉलसोबत दिल्यास उंदरांतला ताठरपणा वाढू शकतो.
- मियान्सेरिनसारखी, सिरोटोनिनचे काही परिणाम अडवणारी औषधे तो कमी करू शकतात.
- ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांत ॲसिटिलकोलिन अडवण्याचा गुण असल्याने त्यांनीही तो कमी होऊ शकतो. मात्र वयस्कर माणसांत त्याच गुणामुळे विसराळूपणा, गोंधळ आणि लघवी अडकणे असे त्रास होऊ शकतात.

माणसांचे काय?
उंदरांचे डोस आणि निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण एक गोष्ट माणसांतही माहीत आहे. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यकृतातील एका एन्झाइमचे काम मंदावतात. त्यामुळे हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोनचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. म्हणजे गोळी तेवढीच, परिणाम मात्र जास्त.

आपण काय करावे?
1. सर्व औषधांची यादी करा. पित्ताच्या आणि चक्करेच्या गोळ्याही लिहा.
2. ब्रँडचे नाव देशागणिक बदलते, म्हणून औषधाचे मूळ नाव लिहा. प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट जवळ ठेवा.
3. थरथर किंवा ताठरपणा कधी सुरू झाला आणि त्याआधी कोणते औषध नव्याने लागले, हे डॉक्टरांना सांगा.
4. गोळी स्वतःहून बंद करू नका. नैराश्याचे औषध एकदम थांबवल्यास त्रास होतो, आजारही उलटू शकतो.
5. ताठरपणासोबत जोराचा ताप, घाम किंवा भ्रम असेल तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

वेळेवर लक्षात आले आणि डॉक्टरांनी औषध बदलले, तर बहुतेकांची हालचाल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. म्हणून आज संध्याकाळी तो डबा एकदा उघडून पाहाच!

(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)